एका हाताने उघडला पाहिजे

कळंबा, कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२५

प्रसेन,

जयभीम. ईमेल बघून दचकू नकोस, सगळे बरे आहोत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू प्रश्न विचारतोस, उत्तरही स्वतःच देतोस आणि शेवटी माझ्यावर चिडतोस. लिहिलं तर निदान पूर्ण वाचून चिडशील.

मला लॅपटॉप घ्यायचा आहे. जुना जूनमध्ये पडून फुटला. तेव्हापासून पृथ्वीराज वकिलांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वापरते. तो त्यांच्या टायपिस्टचा आहे, ती जेवायला उठली की मला मिळतो. असं किती दिवस चालणार?

तू बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेस, रोज शंभर मशिनं तुझ्या हाताखालून जातात, म्हणून तुला विचारते. काम तेच, भाषांतराचं. पण कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून ते वाढलंय. तालुक्याच्या कोर्टातल्या जबान्या, फेरफार, वाटणीपत्रं सगळी मराठीत, आणि वर इंग्रजी लागतं. वकील मूळ कागद घरी देत नाहीत. ‘इथंच बसून करा’ म्हणतात. म्हणजे मशीन घेऊन मला दिवसाला दोन-तीन ऑफिसं फिरावी लागतात, केएमटीच्या बसनं.

पासष्ट हजारांपर्यंत जमेल. अटी अशा: पातळ आणि शक्य तितका हलका, किलोच्या आसपास. बॅटरी दिवसभर पुरावी. माईक चांगला हवा, कारण मी आता बरंचसं बोलून टाइप करते. चार्जिंगची पिन डाव्या बाजूला असावी. आणि झाकण एका हाताने उघडलं पाहिजे.

मावशीला बायपासनंतर जिना चढायला परवानगी मिळाली का? आई रोज विचारते.

संघप्रिया


पुणे
१३ सप्टेंबर २०२५

अक्का,

जयभीम. पूर्ण वाचलं, मग चिडलो. तुझ्या म्हणण्याप्रमाणेच.

आई आता दोन मजले चढते आणि वर येऊन आम्हाला ऐकवते. मीनामावशींना सांग, बहीण ठणठणीत आहे. जूनमध्ये तू पायरीवर पडून हाताला मुका मार बसला होता म्हणे, तो बरा झाला ना? 

आता तुझं मशीन. लॅपटॉप घेताना वजन, ताकद, बॅटरी आणि पैसा या चौघांची भाऊबंदकी असते. तिघांना खूश करता येतं, चौथा रुसतोच. तू वजनाला मोठा भाऊ करून बसलीस. पासष्ट हजारात किलोभराचा लॅपटॉप मिळतो, पण त्यात कंपनी कुठंतरी हात आखडता घेते. रॅम आठ जीबी देते आणि ती बोर्डालाच चिकटवलेली असते, पुढं वाढवता येत नाही. नाहीतर स्क्रीन अंधारी देते. तू एका वेळी दोनशे पानांची पीडीएफ, दोन शब्दकोश, वर बोलून टायपिंग असं सगळं उघडं ठेवणार. आठ जीबीत मशीन उसासे टाकायला लागेल.

त्यापेक्षा पंधरा इंची घे. पावणेदोन किलो भरतो. सोळा जीबी रॅम, मोठा स्क्रीन, शेजारी आकड्यांची वेगळी बटणं. पावणेदोन किलो म्हणजे काय गं, मंडईतनं तू याच्या दुप्पट वांगी आणतेस.

आणि एका हाताने उघडायची अट कुठनं काढलीस? ती जाहिरातवाल्यांची हौस आहे. तिकडं दुसऱ्या हातात कॉफीचा मग असतो. तू चहा पितेस, तोही बशीतनं. दुसरा हात लाव की.

प्रसेन


कळंबा
२१ सप्टेंबर २०२५

प्रसेन,

हाताची काळजी नको, आता दुखत नाही.

काल शाहूपुरीत जाऊन आले. दुकानात कृष्णात नावाचा विक्रेता होता, बोलका. मी विचारायच्या आत त्यानं एक काळा, जाडजूड लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

“ताई, ह्यो घ्या. पोरं ह्याच्यावर गेम खेळत्यात. आपटला तरी काय हुईत न्हाय.”

“वजन किती आहे?”

“वजन कशाला बघताय? डोक्यावर न्यायचाय व्हय?”

मी हलके दाखवायला सांगितले. त्यानं तीन आणले आणि तिन्ही स्वतःच भराभर उघडून ठेवले. मी तिन्ही मिटवले आणि म्हटलं, मी उघडते. तो थांबला, पण त्याचा हात सारखा पुढं येत होता. लोकांना दुसऱ्याला उघडू द्यायला फार जड जातं, असं माझ्या ध्यानात आलंय.

त्यातला एक सव्वा किलोच्या आतला होता. चौदा इंची, राखाडी. तो मला बरा वाटला. पण रॅम आठ जीबी. तुला तेवढंच विचारायचं आहे: आठ जीबीत माझं काम दोन वर्षं निघेल का? ‘हो’ किंवा ‘नाही’ लिही. पंधरा इंची मला नको आहे आणि त्यावर चर्चाही नको आहे. आकड्यांची बटणं मला लागत नाहीत. मी वाटणीपत्रं भाषांतरित करते, वाटण्या करत नाही.

संघप्रिया


पुणे
१ ऑक्टोबर २०२५

अक्का,

नाही.

आता चर्चा नको म्हणालीस म्हणून केली नाही. सेल लागला होता, मी आणि आईनं मिळून तुला लॅपटॉप घेतला. उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, त्याची भेट समज. पैशाचं नाव काढलंस तर आईला फोन देईन.

पंधरा इंची आहे. सोळा जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, पाच वर्षं बघायला नको. मी दोन संध्याकाळ बसून सगळं घालून दिलंय: मराठी कीबोर्ड, शब्दकोश, बोलून टायपिंगची सोय. तात्पुरतं माझ्या खात्यावर चालू केलंय, तू तुझं नाव टाक. वजन जरा आहे. पण दोन दिवसांत अंगवळणी पडेल, आणि मग मलाच दुवा देशील.

तू हलक्याच्या मागं का लागलीस ते मला कळलंय. त्या वकिलांच्या ऑफिसात सगळ्यांकडं चकचकीत पातळ मशिनं असणार. अक्का, त्यांचं काम दाखवायचं असतं, तुझं करायचं. कुरिअर परवा पोचेल.

प्रसेन


कळंबा
७ ऑक्टोबर २०२५

प्रसेन,

लॅपटॉप मिळाला. तू त्यावर बरीच मेहनत घेतलेली दिसते. मावशीला माझा नमस्कार सांग. तिनं सोबत पाठवलेली साडी आईला आवडली.

संघप्रिया


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

अक्का,

दीड महिना वाट बघितली. दिवाळीत फोन केला तर मीनामावशींनी उचलला, तू झोपली होतीस म्हणे, सकाळी अकराला. तू आणि अकराला झोपणार?

आज सरळ लिहितो. ते मशीन माझ्या खात्यावर आहे हे मी तुला सांगितलं होतं. ते शेवटचं कुठं, कधी चालू झालं ते मला इथनं दिसतं. शेवटची नोंद एक ऑक्टोबर, पुणे. म्हणजे मी खोक्यात घालताना बंद केला तो तसाच आहे. तू त्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाहीस.

आईनं विचारलं, संघप्रियाला आवडला का? मी हो म्हणून बसलो. तुला हवा तो रंग नव्हता, हवी ती जाडी नव्हती, म्हणून दीड महिना खोक्यात? आणि परवा पृथ्वीराज वकिलांचा पुण्यातला एक मित्र आमच्या बँकेत आला होता. बोलता बोलता म्हणाला, संघप्रिया मॅडमनी मोठ्या अपिलाचं काम सोडलं, जमणार नाही म्हणाल्या. मशीन दारात असताना काम सोडलंस. मला याचा अर्थ लागत नाही.

राग आलाय हे लपवत नाही.

प्रसेन


कळंबा
२२ नोव्हेंबर २०२५

प्रसेन,

झाकण उघडलं होतं. पूर्ण उघडता आलं नाही, त्यामुळे तुझ्याकडं नोंद झाली नसणार.

मी जूनमध्ये पायरीवर पडले नव्हते. कळंब्याच्या रस्त्यावर स्कूटर घसरली. समोर कुणी नव्हतं, खडी होती आणि माझा वेग जास्त होता. उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं नाही, पण मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणून तुटल्या. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतरही उजवा हात खांद्यापासून खाली लोंबतोच. पट्ट्यात अडकवून ठेवते. चिमटा काढला तर कळत नाही, म्हणून ‘दुखत नाही’ लिहिलं ते खोटं नव्हतं.

मावशीचं बायपास मेमध्ये झालं होतं. आई म्हणाली, हात बरा होईस्तोवर ताईला सांगायचं न्हाय, धसका घेईल. मला ते पटलं. तुला सांगितलं असतं तर तू तासाभरात मावशीला सांगितलं असतंस. पण ते निम्मं कारण.

घरी आल्यापासून मला कुणी काही करू देत नाही. आई वेणी घालते, बटणं लावते, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवते. शेजारच्या धोंडुबाई येतात आणि माझ्याशी न बोलता आईशी बोलतात: “आज कसं हाय तिचं?” वकील मंडळी तारीख सांगताना आवाज खाली आणतात. पूर्वी याच माणसांशी मी एकेका शब्दावरून वाद घालायची. आता मी म्हणेन तो शब्द ठेवतात, बरोबर असो वा चूक. एकदा मुद्दाम चुकीचा शब्द सांगून पाहिला. तोही ठेवला.

तू एकटा उरला होतास. तुला काही माहीत नव्हतं, म्हणून तू माझ्याशी पूर्वीसारखा भांडलास. बशीतला चहा काढलास. ते वाचून मी बऱ्याच दिवसांनी हसले. मला सल्ला हवा होता, पण नुसत्या गिऱ्हाइकाला देतात तसा. आजाऱ्याला देतात तसा नको होता.

आता तुझ्या लॅपटॉपचं. कुरिअर आलं त्या संध्याकाळी आई बाजारात गेली होती. मी खोकं दातांनी आणि डाव्या हातानं फोडलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला. झाकण उचललं तर सगळा लॅपटॉपच वर आला. कडा पोटाशी दाबून धरली, तेव्हा बोटभर फट पडली. मग तो सरकला आणि मांडीवर पडला. पुन्हा उचलताना आई आली. पिशवी दारातच टाकून धावली. “थांब की, मी धरतो.” तिनं खालून धरला, मी वरून. तेवढ्यात मी झाकण सोडलं आणि म्हटलं, राहू दे, नंतर बघू.

तो पिशवीत घालून एकदा बसस्टॉपपर्यंतही गेले. डाव्या खांद्यावर पावणेदोन किलो, त्यात चार्जरची वीट. उजवीकडं तोल सावरायला काही नाही. बसची दांडी धरायची का पिशवी, एवढाच प्रश्न असतो. मी परत आले. अपिलाचं काम सोडलं ते त्याच दिवशी.

मावशीला एवढ्यात सांगू नकोस. तुझा राग ठेवलास तरी चालेल.

संघप्रिया


पुणे
१ डिसेंबर २०२५

अक्का,

आठ दिवस गेले. दोन ईमेल लिहून खोडले. दोन्ही तुला आवडले नसते.

काय केलं ते सांगतो. शनिवारी सुट्टी टाकली. सकाळपासून उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि लॅपटॉपची दुकानं पालथी घातली. चार दुकानं. विक्रेत्यांना वाटलं माणूस मस्तीत आहे. प्रत्येक ठिकाणी मांडून ठेवलेली मशिनं डाव्या हातानं उघडून बघितली. संध्याकाळपर्यंत उजवा हात कितीदा तरी आपोआप बाहेर आला. तुझा येत नाही, हे मला तिथं उभं राहून कळलं.

आता गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगतो.

तू चुकली होतीस आणि मीही. सगळ्यात हलकी, किलोच्या आतली मशिनं तुझ्या कामाची नाहीत. झाकण उचललं की बूड सोबत येतं, कारण बुडाला वजनच नाही. दुसऱ्या हातानं दाबावं लागतं. माझं पंधरा इंची धूड तर बिजागरीनंच घट्ट आहे. मधलं बघायचं: सव्वा ते दीड किलो, धातूचं बूड, खाली रुंद रबरी पट्टी, बिजागरी सैल. झाकणाच्या कडेला बोट जायला खाच हवी. अशी दोन सापडली, नावं वेगळ्या ईमेलनं पाठवतो. दोन्हीत टाइप-सीची पिन डाव्या बाजूला आहे आणि साध्या मोबाइलच्या छोट्या चार्जरनं चालतात, वीट नको. बोट ठेवून लॉक उघडायची सोय दोन्हीत उजव्या कोपऱ्यात आहे, ते गैरसोयीचं. त्यापेक्षा चेहरा ओळखणारा कॅमेरा आहे, तो वापर. दोन बटणं एकत्र दाबायची असतात तिथं एक दाबून सोडायचं, मग दुसरं, अशी सेटिंग असते. मी एक दिवस तसं काम केलं, जमतं. शिव्या येतात, पण जमतं.

आठ जीबीला मी अजूनही नाहीच म्हणतो, आणि इथं तू काही ऐकवू नकोस. तुझं बोलून टायपिंग आता मुख्य काम होणार. तेच अडकलं तर तू काय करशील? सोळाच घे. पहिला, महागातला घे. स्क्रीन अप्रतिम आहे. तुझ्या अंदाजाच्या थोडा वर जातो, तेवढं मी घालतो.

खोकं परत पाठव. माझा लॅपटॉप म्हातारा झालाय, मी वापरीन.

राग गेला. दुसरं काहीतरी आलंय, त्याबद्दल लिहीत नाही.

प्रसेन


कळंबा
१३ जानेवारी २०२६

प्रसेन,

तू सांगितलेल्यातला दुसरा घेतला. पहिल्याचा स्क्रीन आरशासारखा चमकतो. पृथ्वीराज वकिलांच्या ऑफिसात मला खिडकीसमोरची जागा मिळते, दुपारी त्यात माझाच चेहरा दिसला असता. दुसऱ्याचा स्क्रीन साधा, पण डोळ्यांना शांत आहे. सोळा जीबीचं तुझं ऐकलं. पैसे माझ्या अंदाजात बसले, तुझे नको.

शाहूपुरीतल्या त्याच दुकानात गेले होते. कृष्णातनं ओळखलं. या वेळी मी पट्टा पदराखाली लपवला नाही. त्यानं बघितलं आणि दोन पावलं मागं सरला.

“तुमीच उघडा,” म्हणाला.

मी उघडला. बूड जागेवर राहिलं. त्यानं नुसतं विचारलं, “माउस लागंल का?” मी नाही म्हटलं. बिलावर सही डाव्या हातानं केली, वाकडी झाली. त्यानं ती न बघता बिल फाडून दिलं.

काम सुरू झालंय. अपील दुसऱ्याकडं गेलं, पण त्यातलं जबान्यांचं एक पुडकं माझ्याकडंच आलं, कारण त्या शाहूवाडीकडच्या बोलीत आहेत आणि ती तिथं कुणाला धड लागत नव्हती. साक्षीदार म्हातारी म्हणते, ‘मी तवा रानात गेलतो.’ दुसऱ्या भाषांतरकारानं साक्षीदार पुरुष केला होता. आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात, हे मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, खात्री आहे का? मी म्हटलं, माझ्या आईला फोन लावा. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी माझ्याशी वाद घातला. अर्धा तास चालला. बरं वाटलं.

आता दुसरी गोष्ट. काल डॉक्टरांकडं गेले होते, एकटीच. आईला कोर्टात जाते म्हणून सांगितलं. तपासणीचा निकाल आलाय. खांद्यात थोडी ताकद येईल. कोपर कदाचित वाकेल. पण बोटांत काही येणार नाही. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तेच सांगितलं. चांगले डॉक्टर आहेत, गोड बोलत नाहीत. सातबाऱ्यावर नाव माझं राहील, पण वहिवाट गेली, असं मी स्वतःला समजावलं. बसमध्ये उभी होते आणि मला रडू वगैरे आलं नाही. घरी आले तर आई गरम पाण्यात मीठ घालून बसली होती, बोटं शेकायला. रोज शेकते. मी हात पुढं केला. तिनं एकेक बोट चोळलं आणि म्हणाली, “आज जरा गरम लागतंय न्हवं? जीव यायला लागलाय बग.” मी हो म्हटलं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा.

उत्तरात दुसऱ्या डॉक्टरांची नावं पाठवू नकोस. बॅटरीचं चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवावं ते लिही. दुकानात सांगितलं नाही.

संघप्रिया


पुणे
१३ जानेवारी २०२६, संध्याकाळ

अक्का,

ऐंशीवर. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, एकदा लावून टाक, मग बघायला नको. लांबच्या कोर्टात जायचं असेल त्या दिवशीच शंभर कर.

मीनामावशींना तूच सांग. त्या माझं ऐकणार नाहीत आणि मला ते नीट सांगताही येणार नाही. पण शनिवारी सकाळच्या गाडीनं मी कोल्हापुरात येतोय. सांगताना कुणी शेजारी बसलेलं हवं असेल तर कळव, कळंब्याला येतो. नको असेल तर कळवू नकोस. रंकाळ्याला एक चक्कर मारतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो.

प्रसेन